देवमाशांचे पाणी आणि ओहोटीचा किनारा

अलास्काचा जो चिंचोळा पट्टा आग्नेय दिशेस कॅनडाच्या किनाऱ्याला लगटून खाली उतरलेला नकाशात दिसतो, त्याच्या अंगावर सुमारे ११०० बेटे विखुरलेली आहेत. आणि पुरातन हिमनद्यांनी कोरून काढलेल्या ज्या खोल, वेड्यावाकड्या जलमार्गांनी ही बेटे एकमेकांपासून अलग केली आहेत, त्यांत प्रशांत महासागराची मोठी लाट सहसा शिरत नाही. या अलेक्झांडर द्वीपसमूहाचा बहुतेक मुलूख टाँगास राष्ट्रीय अरण्यात मोडतो. अमेरिकेतील हे सर्वांत मोठे राष्ट्रीय अरण्य असून त्याचे क्षेत्र सुमारे १ कोटी ७० लाख एकर भरते. हजारो उतारूंना घेऊन येणारी प्रचंड जहाजे जूनो, केचिकन अशा बंदरांना लागतात आणि त्यांतील प्रवासी बाजारपेठ पाहून परततात. परंतु पाऊणशे-शंभर माणसांच्या ज्या लहान आगबोटी उन्हाळ्यात येथे हिंडतात, त्या जेथे बंदर नाही, धक्का नाही आणि रात्री दिवाही दिसत नाही, अशा उपसागरांत नांगर टाकतात. अशा सफरीतील एका दिवसाचे सकाळी देवमासे व दुपारी किनारा असे दोन भाग पाडण्याचा प्रघात आहे. प्रवासी हे दोन वेगळे कार्यक्रम समजतात. ती समजूत मला अपुरी वाटते, कारण सकाळी पाण्यावर जे दिसते त्याचे कारण पुष्कळ अंशी दुपारी ओल्या खडकांवर पायांखाली सापडते.

जुलैच्या मध्यावर तेथे पहाटे चारनंतर थोड्याच वेळात सूर्य उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. अॅडमिरल्टी बेटाच्या दक्षिणेस फ्रेडरिक साउंड नावाचे जे विस्तीर्ण जलक्षेत्र आहे, ते देवमाशांच्या दर्शनासाठी विशेष प्रसिद्ध. बोटीच्या नाळेवर उभा असलेला निसर्गअभ्यासक घड्याळाच्या परिभाषेत बोलतो: नाळेची दिशा म्हणजे बारा, उजवा काठ म्हणजे तीन, त्याने "दोन वाजता फवारा" असे म्हटले की सर्वांनी उजवीकडे पुढच्या बाजूस पाहावयाचे असते. हा फवारा पाण्याचा असतो असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो श्वास आहे. फुप्फुसांत कोंडलेली उबदार हवा देवमासा मस्तकावरील नासारंध्रांतून प्रचंड वेगाने बाहेर टाकतो, थंड हवेत तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनून तीन-चार मीटर उंच शुभ्र स्तंभ उभा राहतो, आणि वारा पडलेला असला तर त्या उच्छ्वासाचा आवाज दूरवर स्पष्ट ऐकू येतो. असे काही श्वास घेऊन झाले की पाठीची कमान उंचावते, लहानसा पृष्ठपंख दिसतो, त्यामागून शेपटीचे दोन्ही पंख पाण्याबाहेर उभे राहतात व निःशब्द आत जातात. ते गेल्यावर पाण्यावर गुळगुळीत, तेलकट दिसणारे वर्तुळ काही काळ राहते. पुढची पाच-दहा मिनिटे निव्वळ प्रतीक्षेची. उतारूंना या वेळी जी अस्वस्थता वाटते ती मला समजते. पण ज्याने ही प्रतीक्षा मनापासून केली नाही, त्याने देवमासा पाहिला असे म्हणणे कठीण आहे.

येथे प्रामुख्याने दिसणारा देवमासा हंपबॅक या नावाने ओळखला जातो. पूर्ण वाढलेल्या प्राण्याची लांबी १३ ते १५ मीटर, वजन ३० टनांच्या आसपास, आणि दोन्ही बाजूंचे पांढुरके हात देहाच्या जवळजवळ एक-तृतीयांश लांबीचे. त्याला दात नसतात; वरच्या जबड्यापासून प्रत्येक बाजूस सुमारे ३०० ते ४०० शृंगमय पट्ट्या लोंबतात, आणि तोंडात घेतलेले पाणी त्यांच्या आतल्या केसाळ कडांतून गाळून बाहेर सोडले की मागे उरते ते अन्न. हे अन्न म्हणजे आपल्या तारलीच्या गोत्रातील हेरिंग मासा आणि कोळंबीसारखे दिसणारे, जवळ्याहून फारसे मोठे नसणारे क्रिल. या प्राण्यांपैकी बहुसंख्य हिवाळा हवाई बेटांपाशी घालवितात. तेथे संभोग होतो, पिले जन्माला येतात, परंतु त्या उबदार, निळ्याशार पाण्यात खाण्याजोगे त्यांना जवळपास काहीच मिळत नाही. महिनोन् महिने उपाशी राहून, अंगावरील चरबीवर निर्वाह करीत व पिलांना दूध पाजीत, सुमारे साडेचार हजार किलोमीटर अंतर तोडून ते येथे येतात, तेव्हा देहाचे वजन एक-तृतीयांशाने घटलेले असू शकते. अलास्काचा उन्हाळा हा त्यांच्या वर्षभराच्या शिधासामग्रीचा काळ आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे बोटीने त्यांच्या फार जवळ जाणे किती अनुचित आहे ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याच पाण्यात इतके अन्न का असावे? अरुंद वाटांतून दिवसात दोन वेळा आत-बाहेर करणारी प्रचंड भरती तळाचे थंड, पोषक द्रव्यांनी युक्त पाणी ढवळून वर आणते; हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्याबरोबर दळलेल्या खडकांचे पीठ समुद्रात येते; आणि उन्हाळ्यात अठरा-अठरा तास मिळणाऱ्या प्रकाशात सूक्ष्म वनस्पतींची अशी वाढ होते की पाण्याचा रंग हिरवा गढूळ होतो. निळा स्वच्छ समुद्र डोळ्यांना सुखवितो खरा; पण पोट भरणारा समुद्र हा असाच गढूळ असतो.

या सर्व दर्शनांत ज्याला सर्वश्रेष्ठ म्हणावे असा प्रकार बुडबुड्यांच्या जाळ्याचा. हेरिंगचा थवा खोल पाण्यात सापडला की देवमाशांचा एक गट, कधी पाच-सहा तर कधी बारा-पंधरांचा, एकामागून एक बुडी मारतो. एक जण थव्याखाली वर्तुळाकार पोहत नासारंध्रांतून हवा सोडत जातो. वर चढणाऱ्या त्या बुडबुड्यांची भिंत ओलांडण्यास हेरिंग धजत नाही. दुसरा एक जण तीव्र, दीर्घ स्वरात आरोळी ठोकतो, जिने मासे आणखी दाटीने वरच्या दिशेस रेटले जातात. पाण्याच्या पृष्ठभागावर प्रथम बुडबुड्यांचे कडे उमटते. जाणता नाविक इंजिन बंद करून त्याकडे बोट दाखवितो. काही क्षण काहीच घडत नाही. मग त्या कड्याच्या मध्यभागी हेरिंग पाण्याबाहेर उड्या घेऊ लागतात, आणि त्यांच्या पाठोपाठ उघड्या जबड्यांचे, खालचा घसा फुगलेले ते महाकाय देह एकदम वर येतात, एकमेकांना घासतात, आणि गलपक्षी कलकलाट करीत त्यांच्यावर झडप घालतात. हे तंत्र सर्व हंपबॅकना अवगत नसते. ज्यांना असते ते वर्षानुवर्षे त्याच सोबत्यांबरोबर ते करताना आढळतात, आणि हे सोबती रक्ताचे नातलग असतातच असे नाही. एकट्याने क्रिल पकडणारे देवमासेही असे जाळे विणतात, आणि भक्ष्याला अनुरूप अशी त्याची कडी व वीण कमीअधिक करतात, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजमापांनिशी दाखविण्यात आले. पशूच्या कृतीला बुद्धीचे नाव देताना शास्त्रज्ञ बिचकतात, आणि ते योग्यही आहे. तथापि हे दृश्य पाहिल्यावर 'मसलत' याहून दुसरा शब्द मला सुचत नाही.

बोटींनी किती अंतरावर राहावे याचा कायदा २००१ सालापासून अलास्कात अमलात आहे. हंपबॅकपासून १०० यार्डांच्या आत जाण्यास, किंवा तो आपल्याकडे येईल अशा रीतीने त्याच्या वाटेत जाऊन थांबण्यास मनाई आहे. उत्तरेकडील ग्लेशिअर बे या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत हे अंतर पाव सागरी मैलाचे आहे. २००१ सालीच या उपसागराच्या तोंडाशी एका प्रवासी जहाजाच्या धडकेने गर्भार मादी मरण पावली होती. तिचा अस्थिपंजर आज उद्यानातील बार्टलेट कोव्ह येथे उभा केलेला आहे, आणि भग्न कवटीपुढे उभे राहिल्यावर नियमांचे ते आकडे कोरडे वाटत नाहीत.

इंजिन थांबवून जलश्रवणयंत्र पाण्यात सोडले की समुद्राचा दुसरा चेहरा उघड होतो. हंपबॅकचे सुप्रसिद्ध दीर्घ गान मुख्यतः हिवाळी पाण्यातले आणि नरांचे. येथे उन्हाळ्यात ऐकू येतात त्या शिकारीच्या हाका, गुरगुर आणि दूरच्या जहाजांची अखंड घरघर. त्या गानात ठराविक क्रमाने पुन्हा येणाऱ्या स्वरमालिका आहेत हे रॉजर पेन व स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ साली शास्त्रीय निबंधातून मांडले, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठविलेल्या सोनेरी ध्वनिमुद्रिकेत हा आवाजही समाविष्ट झाला. त्याच मुद्रिकेवर गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे आणि मराठीतील अभिवादनही आहे. मानवाने परक्या विश्वासाठी निवडलेल्या स्वरांत या दोन कंठांना एकाच तबकडीवर जागा मिळाली, याचा मराठी माणसास होणारा आनंद मी लपवू इच्छित नाही.

या प्रदेशाला निर्मनुष्य अरण्य म्हणण्याची रीत आहे. कायद्याच्या भाषेत ती सोयीची असली तरी इतिहासाशी ती विसंगत आहे. रशियाने १८६७ साली ७२ लाख डॉलर घेऊन अलास्काचे खरेदीखत अमेरिकेस करून दिले, त्याच्या हजारो वर्षे आधीपासून या बेटांवर ट्लिंगिट लोकांची वहिवाट चालत आलेली होती, आणि त्या व्यवहारात त्यांना कोणी विचारले नाही. पुढे १८८२ साली अॅडमिरल्टीच्या पश्चिम किनाऱ्यावर देवमाशांच्या शिकारीच्या वेळी स्फोटक भाल्याच्या बंदुकीचा अपघात होऊन ट्लिंगिटांचा एक वैद्य मरण पावला. त्यांच्या रूढ न्यायाप्रमाणे त्यांनी दोनशे कांबळ्यांची भरपाई मागितली. शिकारी कंपनीने आरमार बोलाविले; आरमाराने उलट त्यांच्यावरच चारशे कांबळ्यांचा दंड बसविला, आणि तो पुरता न भरल्याच्या कारणावरून अँगून गावावर तोफा डागून घरे व हिवाळ्याचा अन्नसाठा जाळून टाकला. धुरात गुदमरून सहा मुले गेल्याचे गावकरी सांगत आले आहेत. या कृत्याबद्दल अमेरिकन आरमाराने अँगूनमध्ये येऊन विधिपूर्वक क्षमा मागितली ती २०२४च्या ऑक्टोबरात. त्याच बेटाच्या दक्षिण टोकास टायी येथे १९०७ साली देवमाशांची चरबी काढण्याचा कारखाना उघडला गेला होता. आज ज्या पाण्यात दुर्बिणी रोखल्या जातात, तेथेच तोफभाले रोखले जात. आणि १९६६ साली उत्तर प्रशांतातील हंपबॅकच्या व्यापारी शिकारीस बंदी झाली तोवर दीडएक हजारच उरले असावेत, असा अंदाज आहे.

दुपारी ओहोटी लागली की किनारा गाठावयाचा. धक्का नसल्याने रबरी होडीतून गुडघाभर पाण्यात उतरावे लागते, म्हणून प्रत्येकाच्या पायांत उंच रबरी बूट असतात. उधाणाच्या दिवसांत येथील भरती-ओहोटीतील फरक सहा-सात मीटरांपर्यंत जातो, त्यामुळे सकाळी जेथे होडी तरंगत होती तेथे दुपारी विस्तीर्ण खडकाळ उतार उघडा पडलेला आढळतो, आणि त्या उतारावर जीवसृष्टीचे पट्टे एकाखाली एक स्पष्ट आखलेले दिसतात. सर्वांत वर दगडफुलाची काळी रेघ. तिच्याखाली खडकाला चिकटलेल्या बार्नॅकलांच्या धारदार पांढऱ्या कवचांचा थर. मग फुगीर टोकांचे पिवळट तपकिरी शेवाळ. त्यानंतर कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात त्यांच्या जातीचे निळेकाळे शिंपले. आणि अगदी खाली, जे दिवसातून थोडाच वेळ उघडे पडते, तेथे तारामासे, मिटून बसलेली समुद्रफुले, काटेरी अर्चिन आणि केल्प या प्रचंड सागरी शैवालाची चामड्यागत पाने. वरच्या रहिवाशांची हद्द ऊन, वारा व कोरडेपणा ठरवितात. खालची हद्द बहुधा शत्रू ठरवितात. याच किनारपट्टीच्या दक्षिणेस, वॉशिंग्टन राज्यात, रॉबर्ट पेन या प्राणिशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एका खडकावरील सर्व तारामासे सातत्याने काढून टाकले, तेव्हा शिंपल्यांनी खाली सरकत जवळजवळ सारी जागा बळकावली आणि इतर अनेक जाती नाहीशा झाल्या. एका मध्यम आकाराच्या भक्षकावर साऱ्या वस्तीचा तोल अवलंबून असू शकतो, हा विचार जीवशास्त्रात रुजला तो या प्रयोगापासून.

पण देवमाशाच्या दृष्टीने या उतारावरील सर्वांत महत्त्वाची गोष्ट उन्हाळ्यात दिसत नाही. वसंताच्या आरंभी हेरिंगचे अफाट थवे किनाऱ्याशी येतात आणि याच शेवाळावर, केल्पच्या पानांवर व उथळ पाण्यातील सागरी गवतावर चिकट अंड्यांचे थर घालतात; त्या दिवसांत नरांच्या वीर्याने किनाऱ्याचे पाणी दुधाळ होते. सिटका येथील ट्लिंगिट लोक हेमलॉक वृक्षाच्या फांद्या पाण्यात बुडवून ठेवतात व अंड्यांनी लगडल्यावर त्या वर काढतात. हे त्यांचे पिढ्यान् पिढ्यांचे अन्न. तीस टनांच्या प्राण्याचे भक्ष्य असे या ओल्या, निसरड्या, सहज तुडविल्या जाणाऱ्या पट्ट्यात जन्म घेते. म्हणूनच वाटाड्या प्रवाशांना शेवाळावर न चालता उघड्या दगडांवरून चालावयास सांगतो, आणि उलटून पाहिलेला धोंडा पुन्हा पूर्ववत ठेवावयास लावतो.

केल्पच्या भाग्याची कथा फर असलेल्या एका लहान प्राण्याशी निगडित आहे. सागरी पाणमांजराच्या कातड्यासाठी रशियन व इतर व्यापाऱ्यांनी केलेल्या संहाराने हा प्राणी येथून पूर्णपणे नामशेष झाला; १९६५ ते १९६९ या काळात सुमारे चारशे पाणमांजरे अलास्काच्या इतर भागांतून आणून येथे सोडण्यात आली. ती अर्चिन खातात; अर्चिन केल्प कुरतडतात; अर्चिन घटले की केल्पचे जंगल दाटते आणि त्यात मासळीच्या पिलांना आसरा मिळतो. तथापि पाणमांजरे खेकडेही खातात, आणि त्यावर उपजीविका करणाऱ्या कोळ्यांची तक्रार खोटी नाही. अर्चिनचा दुसरा शत्रू, वीसहून अधिक हातांचा सूर्यफूल तारामासा, २०१३ पासून पसरलेल्या, अंग झिजवणाऱ्या रोगाने अनेक ठिकाणी दिसेनासा झाला. पटकीच्या जंतूच्या गणातील व्हिब्रिओचा एक प्रकार त्याच्या मुळाशी आहे, हे २०२५ साली निश्चित झाले.

किनाऱ्याच्या वर लगेच अरण्य सुरू होते. सिटका स्प्रूस व हेमलॉक यांचे उत्तुंग वृक्ष, पडलेल्या खोडांवर रांगेने उगवलेली नवी रोपे, आणि बारमाही पावसाने जोपासलेला शेवाळाचा गालिचा. येथे चालताना मोठ्याने बोलत राहावे लागते, कारण अॅडमिरल्टी बेटावर तपकिरी अस्वलांची संख्या सुमारे १६०० मानली जाते, म्हणजे चौरस मैलास एक. अस्वलाला अचानक सामोरे न जाणे हाच सुरक्षिततेचा पहिला नियम. जुलै-ऑगस्टमध्ये सामन मासे ओढ्यांतून वर चढू लागले की अस्वले ते पकडून झाडीत नेतात, अंडी व मेंदू असे स्निग्ध भाग खातात आणि उरलेला देह टाकून देतात. पाऊस, किडे व पक्षी तो मातीत मिसळवितात. आणि सागरातून आलेला जड प्रकारचा नत्र ओढ्याकाठच्या वृक्षांच्या खोडात सापडतो, असे रासायनिक परीक्षणांनी सिद्ध झाले आहे. स्प्रूसच्या त्या खोडावर हात ठेवणाऱ्याने ध्यानी घ्यावे की त्यातील काही अंश एके काळी खुल्या महासागरात पोहत होता.

संध्याकाळी बोटीच्या दिवाणखान्यात दिवसभरात टिपलेली पुच्छांची छायाचित्रे पडद्यावर मांडतात. शेपटीच्या खालच्या बाजूस काळ्या-पांढऱ्या रंगांची ठेवण, ओरखडे आणि कडेच्या खाचा प्रत्येक देवमाशाच्या निराळ्या असतात. आणि त्यांवरून व्यक्ती ओळखता येते हे अलास्कात ज्याने प्रथम दाखविले तो चार्ल्स जुराझ जूनो येथील शाळामास्तर होता. त्याने १९६०च्या दशकापासून सुट्ट्यांत कुटुंबासह होडीने हिंडून हे दप्तर उभे केले. कोणत्याही विद्यापीठाच्या पदाविना केलेल्या या कामाला मी मोठे मोल देतो. त्याच दप्तरात १९७२ साली नोंदलेला एक नर, ज्याला अभ्यासक 'ओल्ड टायमर' म्हणतात, जुलै २०२४ मध्ये फ्रेडरिक साउंडमध्ये पुन्हा दिसला. मधल्या काळात २०१४ ते २०१६ची तीव्र सागरी उष्णलाट येऊन गेली होती, जिने हेरिंग व क्रिल यांची टंचाई केली. पुच्छांच्या छायाचित्रांवरून केलेल्या उत्तर प्रशांतातील खानेसुमारीत २०१२ साली सुमारे ३३ हजार असलेली हंपबॅकची संख्या २०२१ पर्यंत सव्वीस-सत्तावीस हजारांवर आली. शिकार थांबल्यावर जी भरभराट झाली तिलाही समुद्राच्या तापमानाची मर्यादा आहे, हे या आकड्यांवरून प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसले.

हंपबॅकची एक शाखा आपल्या अरबी समुद्रातही आहे, आणि ती जगावेगळी आहे. इतर हंपबॅक दूरदूर स्थलांतर करतात. हे मात्र वर्षभर याच समुद्रात राहतात, कारण नैर्ऋत्य मॉन्सूनच्या वाऱ्यांनी अरबस्तानच्या किनाऱ्याशी वर येणारे थंड पाणी त्यांना येथेच अन्न पुरविते. सुमारे ७० हजार वर्षे ते इतरांपासून तुटलेले आहेत, आणि ओमानजवळ त्यांची संख्या शंभराहून कमी आढळली आहे. २०१७च्या नोव्हेंबरात मसिराच्या आखातात उपग्रहखूण लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून गोव्यापर्यंत आली आणि तेथून दक्षिणेस कन्याकुमारीकडे गेली. महाराष्ट्रात २०१८ सालापासून अशी सरकारी योजना आहे की जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी कोळ्याने जाळे कापून सोडून दिला, तर फाटलेल्या जाळ्याची भरपाई त्याला मिळते. पुरावा म्हणून सुटकेची छायाचित्रे द्यावी लागतात. कासवे, डॉल्फिन, देवमुशी यांच्या अशा छायाचित्रांत एखादे दिवशी हंपबॅकचे उचललेले पुच्छ आले, तर ते ओमानच्या नोंदवहीशी ताडून पाहता येईल, आणि त्या मादीने वा तिच्या एखाद्या सोबत्याने कोकणच्या पाण्यात कोणता मोसम काढला याचा पहिला लेखी दाखला हाती येईल.